क्रमाचे वचन : सॉफ्टवेअर लायब्ररींची अंतर्रचना अभ्यासक्रमात हवी

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

संगणकाकडूनच प्रोग्रॅम लिहून घेता येऊ लागल्यापासून ‘डेटा स्ट्रक्चर’ (संगणकात माहिती रचून ठेवण्याच्या पद्धती) हा विषय मुलांनी शिकायचा तरी कशाला, असा प्रश्न पालक आणि विद्यार्थी मोकळेपणाने विचारू लागले आहेत, आणि तो विचारण्यात काही गैर नाही. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात हाच विषय शिकवतो, म्हणून त्याचे उत्तर देणे मी माझे काम समजतो. लिंक्ड लिस्ट, स्टॅक, क्यू, ट्री आणि हॅश टेबल यांचे प्रोग्रॅम जर्नलमध्ये उतरवायचे आणि तोंडी परीक्षेत त्यांचा वेग सांगायचा, एवढ्यापुरताच हा विषय राहणार असेल, तर त्याची उपयुक्तता ओसरली आहे हे मान्य करावे लागेल. परंतु जगभर रोज वापरल्या जाणाऱ्या मुक्तस्रोत लायब्ररींमध्ये, म्हणजे कोणालाही उघडून वाचता येणाऱ्या तयार प्रोग्रॅमांच्या संग्रहांमध्ये, याच रचना कोणी, केव्हा आणि का निवडल्या, निवडताना वापरणाऱ्यांना कोणते वचन दिले आणि ते वचन पुढे कसे निभावले किंवा कसे अडचणीचे ठरले, हा भाग आपण शिकवतच नाही. तो शिकवला पाहिजे अशी माझी आग्रहाची मागणी आहे, आणि ती पटवून देण्यास हॅश टेबल या एकाच रचनेचा इतिहास पुरेसा आहे.

संगणकाशी संबंध नसलेल्या वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण देतो. टपाल वर्गीकरणाच्या खोलीत भिंतीवर खण असतात आणि पत्त्यावरून पत्र कोणत्या खणात टाकायचे ते ठरते. तसेच हॅश टेबलमध्ये नावावरून गणिताने एक आकडा काढतात आणि त्या आकड्यावरून माहिती कोणत्या खणात ठेवायची ते ठरवतात. नंतर ती शोधताना सगळे खण धुंडाळावे लागत नाहीत, नावावरून पुन्हा तोच आकडा काढला की थेट त्या खणाशी जाता येते. लाखो नोंदींतून हवी ती नोंद क्षणात सापडते ती यामुळेच. मात्र या मांडणीत नोंदी कोणत्या क्रमाने आल्या याचा मागमूस राहत नाही, आणि दोन वेगळ्या नावांचा आकडा एकच निघाला तर दोघांची गाठ एकाच खणात पडते. पाठ्यपुस्तक हे दोन्ही मुद्दे एका परिच्छेदात सांगून पुढे जाते. प्रत्यक्ष लायब्ररींचा गेल्या वीस-बावीस वर्षांचा इतिहास याच दोन मुद्द्यांभोवती फिरला आहे.

पायथन ही भाषा आता आपल्याकडे पहिल्या वर्षापासून शिकवली जाते. तिच्यातील ‘डिक्शनरी’ हे हॅश टेबलच आहे, आणि मॉड्यूलमधील नावे, ऑब्जेक्टचे गुणधर्म, फंक्शनला नावानिशी दिलेली मूल्ये यांसाठी ती भाषा स्वतःही डिक्शनरीचाच आधार घेते. त्यामुळे डिक्शनरीत वाचलेला प्रत्येक बाइट सगळ्या प्रोग्रॅमभर वाचतो. जुन्या मांडणीत अगदी लहान डिक्शनरीलाही 8 खण असत आणि 64 बिटांच्या संगणकावर प्रत्येक खण 24 बाइटचा असे : 8 बाइट आकड्यासाठी, 8 नावाच्या पत्त्यासाठी आणि 8 मूल्याच्या पत्त्यासाठी. शोध वेगाने व्हावा म्हणून यांतील किमान एकतृतीयांश खण रिकामे ठेवावेच लागत, म्हणजे 192 बाइटपैकी बराच भाग कायम रिकामा राही. डिसेंबर 2012 मध्ये रेमंड हेटिंगर यांनी एक सुबक प्रस्ताव मांडला : नोंदी आल्या त्या क्रमाने एकापुढे एक दाटीने ठेवाव्यात आणि खणांमध्ये फक्त ‘नोंद कितवी’ हा लहानसा अंक ठेवावा. लहान डिक्शनरीत या अंकाला एक बाइट पुरतो, म्हणून 8 बाइटची खणसूची आणि 5 नोंदींची 120 बाइट जागा मिळून 128 बाइटांत काम भागते. आधी पायपाय या पर्यायी अंमलबजावणीने ही रचना स्वीकारली. नाओकी इनाडा यांनी ती मूळ पायथनमध्ये आणली आणि डिसेंबर 2016 मध्ये आलेल्या 3.6 आवृत्तीत डिक्शनरीची मेमरी 3.5 च्या तुलनेत 20 ते 25 टक्क्यांनी कमी झाली.

या बदलाचा हेतू मेमरी वाचवणे हा होता, पण नोंदी ओळीने ठेवल्यामुळे त्या आल्या त्या क्रमाने परत मिळू लागल्या. 3.6 च्या प्रकाशन-टिपणात स्पष्ट बजावले होते की हा क्रम म्हणजे अंमलबजावणीचा तपशील आहे, त्यावर कोणी विसंबू नये. तरीही लोक विसंबू लागले, कारण फाइलमधील नोंदी लिहिल्या त्याच क्रमाने परत मिळणे माणसाला स्वाभाविक वाटते. आता लायब्ररीकारांपुढे दोनच रस्ते होते : क्रम मुद्दाम मोडून लोकांना सावध करणे किंवा त्याचे वचन देणे. डिसेंबर 2017 मध्ये पायथनचे जनक गिडो व्हान रॉसम यांनी वचन देण्याच्या बाजूने निर्णय दिला आणि जून 2018 मधील 3.7 पासून तो भाषेचा नियम झाला. या निर्णयाला किंमत आहे आणि विद्यार्थ्याने ती मोजायला शिकले पाहिजे. मधली नोंद पुसली की तिच्या रिकाम्या जागी शेवटची नोंद आणून बसवणे सोपे असते, पण तसे केल्यास क्रम बिघडतो. म्हणून ती जागा पुढच्या फेरमांडणीपर्यंत रिकामीच ठेवावी लागते. भविष्यात याहून वेगवान पण क्रम न राखणारी रचना सापडली, तरी पायथनला ती डिक्शनरीसाठी वापरता येणार नाही. लहान मायक्रोकंट्रोलरसाठी असलेल्या मायक्रोपायथनमध्ये साधी डिक्शनरी आजही हा क्रम राखत नाही. हे सारे मान्य करूनही माझ्या मते निर्णय योग्य होता, कारण किंमत लहान होती, आधीच ठाऊक होती, आणि जे लोक गृहीत धरूनच चालले होते ते आता नियमाने मिळू लागले.

त्याच पायथनमधील ‘सेट’ ही, एकच गोष्ट दोनदा न ठेवणारी, रचना मात्र जुन्याच विरळ मांडणीवर राहिली आणि तिने क्रमाचे वचन कधीच दिले नाही. हा भेद शासकीय आणि शैक्षणिक कामात फार महत्त्वाचा ठरू शकतो. समजा ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ या तत्त्वावर आलेल्या अर्जांतून दुबार नावे काढून टाकायची आहेत. यादीचा सेट करणे ही सर्वांत सोपी युक्ती आहे, पण त्यात अर्जांचा क्रम नाहीसा होतो, आणि नावे मजकूर स्वरूपात असल्याने प्रोग्रॅम दर वेळी चालवल्यावर वेगळाच क्रम मिळू शकतो. त्याच यादीतून डिक्शनरीच्या वाटेने दुबार नावे काढली तर क्रम अबाधित राहतो. फसवा भाग असा की चाचणीसाठी नावांऐवजी 1, 2, 3 असे लहान पूर्णांक घेतले तर सेटमधूनही ते बहुधा चढत्या क्रमाने बाहेर पडतात, कारण पायथनमध्ये लहान पूर्णांकाचा हॅश आकडा तो पूर्णांकच असतो. चाचणी उत्तीर्ण होते आणि खऱ्या नावांवर प्रोग्रॅम चुकतो. यंत्राने लिहून दिलेला प्रोग्रॅम असा असू शकतो; कोणती रचना कशाचे वचन देते हे ठाऊक असलेला माणूसच तो वाचून थांबवू शकेल.

दुसरा मुद्दा एकाच खणात गाठ पडण्याचा. जावा भाषेच्या मानक लायब्ररीत मजकुरावरून आकडा काढण्याचे सूत्र दस्तऐवजात जाहीर केलेले आहे : आतापर्यंतच्या बेरजेला 31 ने गुणायचे आणि पुढच्या अक्षराचा संकेतांक मिळवायचा. हे सूत्र आपल्या लिपीवर तपासून पाहता येते. युनिकोड या अक्षरांना आकडे देणाऱ्या जागतिक पद्धतीत ‘द’चा संकेतांक 2342 आणि ‘श’चा 2358 आहे, म्हणून ‘दश’चा आकडा 74960 निघतो. ‘ध’चा 2343 आणि ‘ग’चा 2327 आहे, म्हणून ‘धग’चा आकडाही 74960 निघतो. आता या दोन शब्दांच्या जोड्या लावत गेले की दशदश, दशधग, धगदश आणि धगधग या चौघांचाही आकडा एकच येतो; 16 जोड्यांचे शब्द केले तर 32 अक्षरांचे 65,536 वेगवेगळे मजकूर एकाच आकड्यावर येतात. खोडसाळ माणसाने असे मजकूर एखाद्या संकेतस्थळाकडे अर्जातून पाठवले आणि ते सर्व एकाच खणात साखळीने लावावे लागले, तर केवळ ते भरून घेण्यासाठी 200 कोटींहून अधिक तुलना कराव्या लागतील आणि संगणक त्यातच गुंतून पडेल.

हा धोका स्कॉट क्रॉस्बी आणि डॅन वॉलाक यांनी 2003 मध्येच शोधनिबंधातून दाखवून दिला होता. पर्ल या भाषेने त्या वेळी पावले उचलली, इतर बहुतेक भाषांनी उचलली नाहीत. डिसेंबर 2011 मध्ये बर्लिनमधील परिषदेत अलेक्झांडर क्लिंक आणि युलियान व्हेल्डे यांनी पीएचपी, जावा, पायथन, रुबी अशा अनेक भाषांवर हा हल्ला प्रत्यक्षात कसा चालतो ते दाखवल्यावर मात्र सगळीकडे धावपळ झाली. पायथनने 2012 च्या 3.3 आवृत्तीपासून आकड्याच्या गणितात दर वेळी बदलणारा गुप्त अंक मिसळण्यास सुरुवात केली आणि 2014 च्या 3.4 मध्ये ज्यां-फिलीप ओमासों व डॅनिएल बर्नस्टाइन यांनी रचलेले सिपहॅश हे अधिक भक्कम सूत्र घेतले. पायथनला हे जमले, कारण तिने आपले सूत्र कायम राहील असे कोणालाही सांगितले नव्हते. जावाला ते जमण्यासारखे नव्हते. सूत्र दस्तऐवजात छापलेले होते, आणि शिवाय 2011 च्या जावा 7 पासून मजकुरावर ‘स्विच’ (मजकूर पाहून पुढची वाट निवडणारी आज्ञा) लिहिता येऊ लागले तेव्हा त्या सूत्राने काढलेले आकडे संकलित, म्हणजे चालवण्यासाठी रूपांतरित केलेल्या, फाइलींमध्येच कोरले जाऊ लागले. सूत्र बदलले असते तर आधीच संकलित झालेले असंख्य प्रोग्रॅम बिघडले असते.

मग जावाच्या लायब्ररीकारांनी जे केले ते मी वर्गात अगदी सावकाश शिकवतो, कारण पाठ्यपुस्तकातील दोन वेगवेगळी प्रकरणे तिथे एकत्र येतात. आकडा बदलता येत नाही, तर त्यांनी खणाच्या आतली रचना बदलली. मार्च 2014 च्या जावा 8 मध्ये, आधीच आठ नोंदी असलेल्या खणात आणखी एक आली आणि टेबल किमान 64 खणांचे असले, तर त्या खणातील साखळीचे रेड-ब्लॅक ट्री, म्हणजे आपला तोल आपणच सांभाळणारी फांद्यांची रचना, केले जाते. पासष्ट हजार नोंदी एका खणात कोंबल्या तरी शोधाला जास्तीत जास्त तीसएक तुलना लागतात. आठ हाच आकडा का, याचेही उत्तर सोर्स कोडमधील (मूळ प्रोग्रॅममधील) टिप्पणीत लिहून ठेवले आहे : आकडे नीट विखुरलेले असतील तर एका खणात आठ नोंदी जमण्याची शक्यता 0.00000006 इतकी कमी असते, म्हणून सर्वसाधारण प्रोग्रॅमला या यंत्रणेचा भार सोसावाच लागत नाही. रेड-ब्लॅक ट्री हे प्रकरण आपले विद्यार्थी केवळ परीक्षेसाठी घोकतात आणि ते कुठे वापरले जाते असे विचारतात. उत्तर त्यांच्याच संगणकावर, जावाच्या ‘हॅशमॅप’मध्ये आहे, आणि ते उघडून वाचण्याची परवानगी कोणाकडे मागावी लागत नाही.

जावाचे सूत्र जाहीर करणे ही चूक होती, असे मी म्हणेन. ते ठरले त्या काळात अशा हल्ल्याची कल्पना कोणाला नसणार, हे खरे आहे. पण वापरणाऱ्याला जी गोष्ट ठाऊक असण्याची गरज नाही ती दस्तऐवजात कायमची लिहून देण्याचे कारण तेव्हाही नव्हते. जावाकारांनी यातून बोध घेतलेला दिसतो, कारण 2017 च्या जावा 9 मध्ये आलेल्या न बदलता येणाऱ्या लहान संचांचा क्रम त्यांनी मुद्दामच दर वेळी बदलता ठेवला आहे.

तिसरी वाट गो भाषेने घेतली, आणि तिच्यामागची शिस्त मला विशेष भावते. मार्च 2012 मध्ये आलेल्या पहिल्या अधिकृत आवृत्तीपासूनच गोमध्ये ‘मॅप’वर (तिथल्या हॅश टेबलवर) फेरी मारताना सुरुवात यादृच्छिक जागेपासून होते. क्रमाचे वचन द्यायचे नाही असे ठरल्यावर चुकूनही कोणाला क्रमाची सवय लागू नये, हा त्यामागचा विचार. 1.1 आवृत्तीत नवी रचना आणताना आठ किंवा त्याहून कमी नोंदींच्या मॅपला ही काळजी घेणे राहून गेले, आणि तेवढ्या काळात लोकांनी त्या क्रमावर अवलंबून असलेले प्रोग्रॅम लिहिलेच! 2014 च्या 1.3 आवृत्तीत ती फट बुजवली गेली आणि असे दोष उघडे पाडण्यासाठीच हे करत आहोत असे टिपणात नोंदवले गेले. या कठोरपणाचे फळ फेब्रुवारी 2025 मध्ये मिळाले : 1.24 आवृत्तीत मॅपची आतली रचना काढून तिच्या जागी ‘स्विस टेबल’ ही अधिक वेगवान रचना बसवण्यात आली, आणि क्रमाचे वचनच नसल्याने त्या बाबतीत कोणाचा शब्द मोडला गेला नाही.

सी++ या भाषेची अडचण याच्या उलट आहे. 2011 च्या मानकाने हॅश टेबलचे खण बाहेरून पाहता येतील आणि नोंदीचा मेमरीतील पत्ता बदलणार नाही अशी दोन्ही वचने देऊन टाकली, त्यामुळे प्रत्येक नोंद वेगळी ठेवून साखळीने जोडण्यावाचून मानक लायब्ररीला फारसा पर्याय उरला नाही. गूगलच्या अभियंत्यांनी शेवटी अ‍ॅबसेल या मुक्तस्रोत लायब्ररीत कमी वचने देणारे वेगळे टेबल लिहिले. स्विस टेबल ही रचना तिथूनच पुढे रस्ट या भाषेच्या मानक लायब्ररीत आणि आता गोमध्ये पोहोचली आहे.

या सगळ्या निर्णयांच्या नोंदी सार्वजनिक आहेत. पायथनच्या सोर्स कोडमध्ये डिक्शनरीच्या रचनेवर हेटिंगर यांचे आणि सॉर्टिंगवर (क्रमवारी लावण्यावर) टिम पीटर्स यांचे सविस्तर टिपण आहे, जावाच्या हॅशमॅपमध्ये पानभर टिप्पणी आहे आणि गोच्या प्रत्येक आवृत्तीसोबत कारणांसह टिपण येते. त्यांना महागडी प्रयोगशाळा लागत नाही. तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातही साधा संगणक आणि इंटरनेट पुरते. तरीही आपल्या प्रश्नपत्रिकांत ‘हॅश टेबलमध्ये 43, 165, 62 या किमती भरून दाखवा’ याच धर्तीचा प्रश्न वर्षानुवर्षे येतो. ते उदाहरण सोडवता यावे याला माझी हरकत नाही. खणात गाठ पडणे म्हणजे काय हे हाताने सोडवल्याशिवाय जावाची युक्ती समजणारही नाही. माझा आक्षेप आहे तो तिथेच थांबण्याला.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आपल्या विद्यापीठांचे अभियांत्रिकी अभ्यासक्रम सध्या नव्याने आखले जात आहेत. अभ्यास मंडळांना माझी विनंती आहे की डेटा स्ट्रक्चरच्या प्रात्यक्षिकांतील निदान एक काम लायब्ररी-वाचनासाठी राखावे. विद्यार्थ्याने एका मुक्तस्रोत लायब्ररीतील एक रचना निवडावी, ती कशाचे वचन देते आणि कशाचे देत नाही हे दस्तऐवजावरून लिहावे, सोर्स कोडमधील टिप्पणी वाचून निवडीचे कारण मांडावे, आणि ते वचन खरे उतरते का हे स्वतः लहान प्रोग्रॅम लिहून तपासावे. ‘दश’ आणि ‘धग’ यांसारख्या आणखी जोड्या शोधणे हाही पहिल्याच तासाला देता येईल असा स्वाध्याय आहे. तोंडी परीक्षेत ‘सरासरी वेग किती’ यानंतर ‘ही रचना बदलली तर कोणाचे प्रोग्रॅम बिघडतील’ असे विचारावे. परीक्षकांना याची सवय नाही, म्हणून अध्यापकांच्या उजळणी वर्गांत हा भाग आधी घ्यावा लागेल.

आपल्या दैनिकाकडेही एक मागणे आहे. ही टिपणे इंग्रजीत आहेत आणि मराठी माध्यमातून आलेली मुले त्यांच्या लांबीनेच बिचकतात, हे मी दर वर्षी पाहतो. आपल्या शैक्षणिक पुरवणीत महिन्यातून एकदा अशा एका निर्णयाचे मराठीत साधार विवरण छापता आले, तर वर्गात ते वाचायला देणारे अध्यापक पुष्कळ निघतील. सुरुवात सॉर्टिंगपासून करता येईल : टिम पीटर्स यांनी 2002 मध्ये पायथनसाठी लिहिलेली पद्धत पुढे जावानेही उचलली, 2015 मध्ये संशोधकांनी गणिती पडताळणी करताना तिच्यात एक दोष शोधून काढला, आणि 2022 च्या 3.11 आवृत्तीत पायथनने तिचे विलीनीकरणाचे (क्रमवार तुकडे एकत्र जोडण्याचे) धोरणच बदलले. विद्यार्थ्यांना सहज समजेल अशा भाषेत हे लिहून द्यायला मी तयार आहे.

आपला नम्र,
संगणक अभियांत्रिकीचा एक अध्यापक,
सोलापूर